खरेदीखताआधीची शेवटची फेरी

खरेदीखताच्या दिवशी सकाळी, शिरूरला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाण्याआधी, "घर एकदा पुन्हा बघून येऊ" असं म्हटलं की घरातली माणसं आधी घड्याळाकडे बघतात आणि मग आपल्याकडे. "चार वेळा बघून झालंय की! आता काय भिंती मोजणार?" मुहूर्त काढलेला असतो, बँकेचा डीडी पिशवीत असतो, साक्षीदार म्हणून बोलावलेला मेव्हणा रजा टाकून आलेला असतो. अशा वेळी थांबा म्हणणारा माणूस अपशकुनी वाटतो. तरी मी थांबाच म्हणेन. तासाभराचं काम आहे.

मी स्वतः थांबलो नव्हतो. रांजणगावच्या एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये वीसेक वर्षं काढली, लोकांची यंत्रं तपासून दिली आणि स्वतःचं घर मात्र न तपासता घेतलं. कारेगावच्या बाजूचं बैठं घर, मागे बोअर, वर टाकी. खरेदीखत दुपारी झालं, पेढे वाटले, संध्याकाळी कुलूप उघडून बोअरचं बटण दाबलं. आवाजच नाही. केसिंगमध्ये बॅटरी मारून पाहिलं तर आत ना दोर, ना केबल. विकणाऱ्याने आदल्या रात्री पाणबुडी मोटर पाइपासकट उपसून नेली होती. फोन केला तर शांतपणे म्हणाला, "दादा, व्यवहार घराचा झाला. मोटरचा कुठं झाला?" साठेखत काढून पाहिलं. त्यात 'बोअरवेलसह' असं होतं. बोअर जागेवरच होता, त्यामुळे बोलायला तोंड राहिलं नाही.

तेव्हापासून नात्यातला, ओळखीतला कोणीही घर घेत असला की शेवटच्या फेरीला मी पिशवी घेऊन हजर असतो. आधीच्या चार भेटींत आपण घर आवडतंय का ते बघतो. शेवटच्या भेटीत आवडीनिवडीचा संबंध नसतो. कागदावर जे लिहिलंय ते जमिनीवर आहे का, आणि मागच्या वेळी जे होतं ते आजही आहे का, एवढंच बघायचं. आणि हे पैसे हातातून जाण्याआधीच बघायचं. डीडी दिल्यावर विकणारा फोन उचलतो तो केवळ सौजन्य म्हणून.

कायद्याचंही इथे फारसं छत्र नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे मालमत्तेतला मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही कळण्यासारखा नसेल, तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. याची दुसरी बाजू वाचा: जो दोष साधी काळजी घेतली असती तर दिसला असता, तो आपला. छतावरचा ओला डाग, तुटलेली चौकट, बंद पडलेला खटका यांबद्दल नंतर भांडायला गेलात तर पहिला प्रश्न हाच येणार की घेताना डोळे कुठे होते?

पिशवीत फार काही लागत नाही. टेप, टेस्टर, मोबाइलचा चार्जर, बॅटरी, एक बादली, दहा रुपयांचं नाणं आणि साठेखताची झेरॉक्स. जमलं तर ओळखीचा गवंडी किंवा वायरमन सोबत घ्या. गवंड्याचा ओळंबा जे सांगतो ते इंटिरिअरवाल्याच्या डोळ्याला दिसत नाही. दलाल सोबत असेल तर असू द्या, पण त्याच्याशी गप्पा मारत फिरू नका. त्याचं काम व्यवहार आजच पुरा करण्याचं असतं आणि त्यात त्याची काही चूकही नाही.

आता घरात शिरण्याआधी बाहेरच उभे राहा. रांजणगावचा महागणपती पूर्वाभिमुख. त्यामुळे असेल किंवा वास्तुशास्त्राच्या पुस्तकांमुळे, आपल्याकडे दार पूर्वेला आहे का, हे लोक मोबाइलमधलं होकायंत्र उघडून तपासतात. त्याच होकायंत्राने दस्तातली चतुःसीमा मात्र कोणी तपासत नाही. झेरॉक्स हातात घ्या आणि मोठ्याने वाचा: पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस बखळ, पश्चिमेस गटातलं उर्वरित क्षेत्र, उत्तरेस रस्ता. एकेका दिशेला वळून बघा. शेजारी अंगणात असेल तर आणखी चांगलं. चूक असेल तर तो न विचारताच सांगतो. 'उत्तरेस रस्ता' लिहिलं असेल तर तो मंजूर आराखड्यातला आहे, वहिवाटीचा आहे, की शेजाऱ्याने आतापर्यंत मोठ्या मनाने सोडलेला बांध आहे, हे त्याच शेजाऱ्याला विचारा. उद्या त्याने तारेचं कुंपण घातलं तर आपली गाडी घरापर्यंत येणार नाही.

गावाचं नावही नीट वाचा. यात हसण्यासारखं काही नाही. शिरूर तालुक्यातच रांजणगाव गणपती आहे आणि भीमेच्या काठाला रांजणगाव सांडसही आहे. शिवाय छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या एमआयडीसीला लागून रांजणगाव शेणपुंजी आहे, तिथेही कारखाने, तिथेही भाड्याच्या खोल्या. 'रांजणगाव एमआयडीसीजवळ घर' अशी जाहिरात मोबाइलवर दिसली की ते रांजणगाव नक्की कोणतं, इथपासून सुरुवात करावी लागते. गट नंबर बरोबर आणि गाव चुकलेलं, असा दस्त नोंदला गेला तर दुरुस्तीपत्रासाठी विकणाऱ्याला पुन्हा कचेरीत आणावं लागतं, आणि तोवर तो गावी निघून गेलेला असतो.

एक-दोन गुंठ्यांवर बांधलेल्या घरांबाबत जास्त सावध राहा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे आणि त्याच्या अंमलबजावणीचे नियम अलीकडच्या वर्षांत अनेकदा बदलले आहेत, त्यामुळे आजची स्थिती वकिलालाच विचारा. पण आपल्या डोळ्यांना कळेल अशी एक गोष्ट आहे. सातबारावर दहा-बारा नावं सामाईक असतात आणि दस्तात 'गट नंबर अमुकपैकी दोन गुंठे' एवढंच असतं. हे दोन गुंठे म्हणजे हेच घर, असं कुठे लिहिलंय? भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी झाली असेल तर तिची 'क प्रत' मागा आणि नकाशावरच्या हद्दीच्या खुणा जमिनीवर शोधा. मोजणी झालीच नसेल तर ती शेवटच्या सकाळी होणार नाही. ते काम साठेखत आणि खरेदीखत यांच्या मधल्या दिवसांतलं.

घर महामार्गाला लागून असेल तर एक जास्तीची चौकशी. पुणे-अहिल्यानगर रस्ता, जुन्या माणसांचा नगर रोड, आजवर अनेकदा रुंद झाला आहे आणि पुणे ते शिरूर उन्नत मार्गाचं कामही सरकारने हाती घ्यायचं ठरवलं आहे. ओट्यावर किंवा कंपाउंडच्या भिंतीवर रंगाने मारलेल्या खुणा, आकडे दिसले तर ते कोणी, कशासाठी काढले ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. भीमा-घोडकाठच्या गावांत, दौंडच्या बाजूला विशेषतः, पूररेषा विचारा. जलसंपदा विभागाच्या नकाशावर निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची.

आता भिंती. या भागात जमीन एका वावरात मुरमाड तर पुढच्या वावरात काळीभोर. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर वरचं घर दरवर्षी थोडंसं उचललं जातं आणि थोडंसं बसतं. ते भिंतीवर दिसतं. प्लास्टरवर केसासारख्या बारीक रेषा सगळ्याच घरांत असतात, त्यांना घाबरू नका. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढणारी, नाण्याची कड आत जाईल एवढी रुंद आणि भिंतीच्या दोन्ही अंगांनी दिसणारी भेग असेल, तर मात्र गवंड्याला दाखवल्याशिवाय सही नको. दारं उघडझाप करून पाहा. एकाच बाजूची दोन-तीन दारं चौकटीला घासत असतील तर दोष सुताराचा नसावा.

ताज्या रंगाचा मला नेहमीच संशय येतो. सगळं घर रंगवलं असेल तर विकायचं म्हणून रंगवलं, ठीक आहे. पण एकच भिंत, किंवा छताचा एकच कोपरा उजळ दिसत असेल तर तिथे काहीतरी झाकलंय. तळव्याच्या पाठीने भिंत चाचपा. ओल डोळ्याआधी हाताला कळते. नाकाला त्याआधी. कपाट, पलंग हलवायला सांगा. आमच्या एका नातेवाइकाच्या वेळी विकणाऱ्याने देवघराचं फर्निचर हलवायला नको म्हटलं, देव आहेत म्हणून. आम्हीही मान राखला. पहिल्या पावसाळ्यात देवच भिजले.

शिरूर-दौंडचा पट्टा पर्जन्यछायेचा. वर्षातले आठ महिने छत गळतं की नाही हे कळायला मार्गच नसतो. म्हणून शक्य असेल तर एखाद्या जोरदार वळवानंतर चक्कर मारा. ते जमत नसेल तर गच्चीवर जाऊन नळीने पाणी सोडा, ते कुठे साचतं ते पाहा आणि अर्ध्या तासाने खाली येऊन छताकडे मान वर करा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी एकदम ओता. ते नहाणीच्या जाळीकडे धावलं पाहिजे. कोपऱ्यात थबकत असेल तर उतार चुकलाय. फरशीवर नाणं ठोकत फिरा. भरीव आवाज येत येत मध्येच 'ठक्क' असा पोकळ आवाज आला की त्या टाइलखाली माल भरलेला नाही. एक-दोन टाइल पोकळ असणं चालतं, अख्खी ओळ पोकळ असेल तर भावात बोलायला जागा आहे.

पाण्याला मात्र भरपूर वेळ द्या. रांजणगावात घराची किंमत पाणी ठरवतं, हॉलची लांबी-रुंदी नाही. ग्रामपंचायतीचा नळ आहे का, पाणी किती दिवसाआड आणि किती वेळ येतं, टँकर किती महिने लागतो, हे विकणाऱ्याला न विचारता समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा. बोअर असेल तर तो कोणाच्या जागेत आहे ते बघा. कित्येक घरांचा बोअर शेजारच्या भावकीच्या हद्दीत निघतो आणि पाणी येतं ते भावाभावांतल्या गोडव्यावर. घर विकलं की गोडवा संपतो. बोअरची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. दिवाळीला भरभरून पाणी दाखवणारा विकणारा खोटं बोलत नसतो, पण पुरतं खरंही सांगत नसतो.

पाण्याची चव आणि जात वेगळी तपासा. नळाच्या तोंडाशी पांढरा थर, गीझरच्या कॉइलवर चुन्याचं कवच, आरशावर न निघणारे ठिपके, म्हणजे पाणी जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. कठीणपणाचे तेच आकडे २०० आणि ६००. पेनाएवढा टीडीएस मीटर क्षारांचा आकडा सांगतो, पण पाण्यात नायट्रेट आहे की कारखान्याचं काही उतरलंय, हे त्याला कळत नाही. एमआयडीसीच्या आसपासच्या गावांत विहिरी-बोअरच्या पाण्याबद्दल कुरबुरी जुन्या आहेत. त्यामुळे नमुना प्रयोगशाळेत द्याच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. अहवालाला दिवस लागतात, म्हणून नमुना पंधरा दिवस आधी घ्या, आणि बाटली तुम्ही भरा, विकणाऱ्याला भरू देऊ नका.

आलेलं पाणी जातं कुठे, हाही प्रश्न आहे. गावात सगळीकडे भुयारी गटार नाही. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा कुठे आहे ते दाखवायला सांगा. "असेल इथंच कुठंतरी" असं उत्तर आलं तर तो शेजाऱ्याच्या जागेत आहे असं धरून चाला. आणि शोषखड्डा बोअरपासून दहा-पंधरा फुटांवर दिसला तर वरचा पाण्याचा परिच्छेद पुन्हा वाचा. सगळे नळ एकदम सोडा, दोन्ही फ्लश ओढा, आणि बेसिनमधून बुडबुडे येतात का ते पाहा.

विजेचं काम माझ्या आवडीचं, पण थोडक्यात सांगतो. चार्जर घेऊन प्रत्येक सॉकेटपाशी जा. मेन बोर्डवर ईएलसीबी किंवा आरसीसीबी असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबा; खटका पडला पाहिजे. बसवलेलाच नसेल तर तो खर्च धरून ठेवा. महावितरणच्या बिलावरचा मीटर क्रमांक आणि भिंतीवरच्या मीटरचा क्रमांक एकच आहे का ते बघा. नंतर घरातला मेन बंद करून त्या मीटरकडे जा. तो अजूनही चालू असेल तर मागच्या खोल्यांची, नाहीतर जिन्यावरच्या दिव्यांची वीजही आपल्याच बिलात आहे. बिल घरगुती दराचं आहे की व्यापारी, तेही पाहा. थकबाकी शून्य झाल्याची पावती घ्या. कायद्याने खरेदीच्या दिवसापर्यंतची सरकारी देणी विकणाऱ्याची असतात, पण वसुलीला येणारा माणूस घराच्या पत्त्यावर येतो.

यापुढचा मुद्दा या गावात सगळ्यांत महाग पडतो: घरातली माणसं. इथे बहुतेक घरांच्या मागच्या अंगाला नाहीतर वरच्या मजल्यावर दोन-चार खोल्या असतात आणि त्यांत कंपन्यांतली पोरं राहतात. बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा, विदर्भ, कुठलीही. विकणारा सांगतो, "एक तारखेला निघतील." ती न निघण्यात त्यांचा दोष नसतो, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून दिवसा न जाता शिफ्ट सुटल्यावर संध्याकाळी एक फेरी मारा. जिन्यात चपला किती, दोरीवर कपडे किती, ते मोजा. त्या मुलांशी बोला: किती वर्षं राहता, भाडं कोणाला देता, डिपॉझिट किती दिलंय? डिपॉझिटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण मालक बदलला की ते परत मागायला ती आपल्याच दारात येणार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा. इथे बहुधा तो तोंडीच असतो. भाडेकरूंसकट घर घ्यायचं असेल तर घ्या, उत्पन्नच आहे. पण मग कोण कोणत्या खोलीत, किती भाड्याने, किती डिपॉझिटवर हे खरेदीखतात येऊ द्या आणि तेवढं डिपॉझिट किमतीतून वळतं करा. रिकामं घर ठरलं असेल तर रिकामं दिसल्याशिवाय डीडी पिशवीतून बाहेर काढू नका.

बिल्डरकडून नवा फ्लॅट घेणाऱ्याचं दुखणं वेगळं. त्याला विकणारा पळून जायची भीती कमी आणि ताबा पत्राची जास्त. त्या छापील पत्रात एक वाक्य असतंच: 'मी सदनिका पाहिली असून माझी कोणतीही तक्रार नाही.' त्याच्याखाली पेनाने 'सोबत जोडलेल्या यादीतील त्रुटी वगळून' असं लिहा, मगच सही करा, आणि यादीच्या प्रतीवर त्यांच्या माणसाची सही-शिक्का घ्या. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला तर प्रवर्तकाने तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. यादी असली की हा हक्क वापरायला पुरावा राहतो. टेप लावून चटई क्षेत्र मोजा. आतल्या भिंतींची जाडी त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. महाराष्ट्राच्या नमुना करारात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे ६०० फुटांना अठरा फूट. कमी भरलं तर त्या हिशेबाने पैसे परत मागता येतात.

पार्किंगची जागा प्रत्यक्ष जाऊन बघा, तिथे गाडी लावून बघा. स्टिल्टमधली जागा फ्लॅटपेक्षा वेगळी 'विकता' येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद खटल्यात २०१० मध्येच सांगितलं आहे. तरी दोन खांबांच्या मधली, जिथे स्कूटरसुद्धा वळत नाही अशी जागा नकाशावर ऐटीत दाखवलेली असते.

आणि भोगवटा प्रमाणपत्र. "राहायला या, ओसी महिन्याभरात येतंय" हे वाक्य कानावर आलं की मी चहाचा कप खाली ठेवतो. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधले मंजुरीपेक्षा जास्तीचे मजले सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बेकायदाच ठरवले आणि २०१४ च्या जूनमध्ये महापालिकेने तिथल्या वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसांची वीज, पाणी, गॅस तोडला. एवढं टोक गाठलं नाही तरी खिशाला कात्री लागतेच. समृद्धी सोसायटी विरुद्ध मुंबई महालक्ष्मी कन्स्ट्रक्शन या खटल्यात ओसी नसल्यामुळे सोसायटी मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त भरत होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओसी न मिळवणं ही बिल्डरच्या सेवेतली त्रुटी मानली, पण त्याला किती वर्षं गेली ते बघा. आपल्याकडे आधी हेच विचारावं लागतं की इमारत कोणाच्या अखत्यारीत येते: पीएमआरडीए, एमआयडीसी की जिल्हाधिकारी आणि नगररचना. ज्याने बांधकाम परवानगी दिली त्याचंच प्रमाणपत्र हवं. सरपंचाच्या सहीचा जुना दाखला त्या जागी चालत नाही. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर महारेरा नोंदणीची सक्ती नसते, आणि आपल्या गावातल्या कितीतरी इमारती याच मापाच्या आहेत. त्यांची माहिती महारेराच्या संकेतस्थळावर सापडणार नाही. एमआयडीसीच्या भूखंडावरचा फ्लॅट असेल तर जमीन मालकीची नसून ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते. पट्ट्याची किती वर्षं उरली आणि हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी आली का, ते कागदावर बघा.

कागदांचीही शेवटची फेरी असते. वकिलाचा शोध अहवाल तीस वर्षांचा असेल, पण तो ज्या दिवशी केला त्या दिवसापर्यंतचाच. मधल्या दीड-दोन महिन्यांत काय झालं, ते त्यात नाही. आदल्या संध्याकाळी पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा पुन्हा काढा आणि 'इतर हक्क'च्या रकान्यात नवा बोजा चढलाय का ते बघा. 'आपली चावडी'वर गावाचं नाव टाकून त्या गटावर एखादा फेरफार प्रलंबित आहे का, तेही दिसतं. इथे एक घोटाळा नेहमी होतो. ग्रामपंचायतीचा 'नमुना ८' आणि तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, 'गाव नमुना आठ अ' हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला घरपट्टीच्या आकारणीचा, दुसरा जमिनीच्या खात्याचा. "आठचा उतारा माझ्या नावावर आहे" असं विकणारा छाती पुढे काढून सांगतो तेव्हा तो बहुधा घरपट्टीचा असतो, आणि घरपट्टी भरल्याने कोणी मालक होत नाही. सोसायटीतला जुना फ्लॅट असेल तर थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. हस्तांतरणाचं अधिमूल्य महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५,००० रुपये, असं सहकार खात्याचं २००१ चं परिपत्रक आहे; 'देणगी' म्हणून कोणी जास्त मागितली तर ते परिपत्रक दाखवा.

एवढं करून काही खोट निघाली तर? लहानसहान असेल, नळ गळतोय, काच फुटलीय, तर तिथेच रक्कम ठरवून किमतीतून कमी करून घ्या. नंतर करून देतो, हे शब्द ऐकून घेऊ नका. मोठी असेल, भाडेकरू बसलाय, मोटर नाही, भेग दिसली, तर दिवस पुढे ढकला. मुहूर्त दुसरा मिळतो. सह्या झालेला दस्तसुद्धा नोंदवायला कायदा चार महिने देतो, एक-दोन आठवड्यांनी काही बुडत नाही. काही रक्कम राखून व्यवहार पुरा करायचा असेल तर राखलेला आकडा, कारण आणि तारीख दस्तातच लिहा. दस्तात 'संपूर्ण मोबदला मिळाला' लिहायचं आणि बाहेर तोंडी पैसे राखायचे, यातून पुढे दोघांनाही कोर्टाची पायरी चढावी लागते. आणि साठेखत अजून झालं नसेल तर मोटर, टाक्या, सोलर, इन्व्हर्टर, पंखे, गीझर, लोखंडी गेट, जे जे घरासोबत हवं ते एकेक नाव घेऊन त्यात घाला. मेक आणि अश्वशक्तीसुद्धा लिहा. पाच अश्वशक्तीची मोटर काढून दीडची सोडलेली मी पाहिली आहे.

किल्ली हातात आली की मीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि कुलूप त्याच संध्याकाळी बदला. जुन्या किल्ल्या किती हातांत आहेत, विकणाऱ्यालाही आठवत नसतं. मग बोअरचं बटण दाबा आणि टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी पडेपर्यंत तिथेच उभे राहा. माझ्या घरी, नवी मोटर बसवल्यावर, त्याला चाळीस मिनिटं लागली होती.